पाहुण्यांच्या पलंगावरचा पाव

व्हर्ना काकूची नक्कल करायची तर आधी हनुवटी छातीला टेकवायची, चष्म्याच्या वरून बघायचं आणि समोरच्याने हातात काहीही दिलं तरी त्याचा वास घ्यायचा. मग म्हणायचं, "धुतलंयस ना हे? नाही, मी आपलं विचारलं." तिच्या दर दोन वाक्यांमागे हे 'मी आपलं विचारलं' शेपटासारखं येतं. मी हे करून दाखवलं की बाबा खुर्चीत मागे रेलून डोळे पुसतात. आई म्हणते, "मोठ्यांची अशी चेष्टा करू नये," आणि लगेच, "ते पाद्र्यांच्या कपाचं कर ना एकदा."

पाद्र्यांच्या कपाचं असं, की चर्चच्या तळघरात जेवण असलं की धुऊन ठेवलेले कप काकू पुन्हा धुते. जेवणानंतर बायका मिळून ते धुतात, त्यांच्या मागून ती एकटी परत धुते. एकदा पाद्री कॉफी पिता पिता कोणाच्या तरी नातवाची चौकशी करायला वळले आणि परत कप उचलायला गेले, तर कप धुतलेला, पुसलेला आणि कपाटात.

ही आमच्या हर्टझलर घराण्यातली थोरली सून. हार्लन काका आणि ती टेकडीवरच्या जुन्या घरात राहतात, गोठा सांभाळतात. आमचं घर खाली, रस्त्याच्या पलीकडे. मधले एल्विन काका लग्नानंतर ओहायोला गेले, तिकडे त्यांच्याही गाई आहेत. बाबा धाकटे. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिघे भाऊ टेकडीवरच्या टेबलाशी जमतात. टर्की कापायची कोणी यावर दरवर्षी वाद होतो, पण सारण कोणी करायचं यावर वाद कधी झाला नाही. ते व्हर्ना काकूचं.

आमच्याकडे पावाचं सारण टर्कीच्या पोटात भरत नाहीत. भरतात म्हणा काहीजण, पण काकूच्या मते ते "आंघोळ केलेलं सारण." ती ते वेगळ्या मोठ्या पातेल्यात भाजते, वरून कुरकुरीत आणि आतून मऊ. स्वयंपाकघराच्या भिंतीलगत तिने केशराचे कंद लावलेत. ऑक्टोबरात जांभळी फुलं आली की सकाळी दव असतानाच ती वाकून एकेक तुरा खुडते, आणि तेवढ्या वेळात हार्लन काकांनी तिच्याशी बोलायचं नसतं. पाव घरचा, बटाट्याच्या पाण्यात मळलेला. तो सणाच्या आदल्या आठवड्यात भाजायचा, बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे करायचे आणि कडकडीत वाळवायचे. ओलसर पाव वापरला की सारणाची खळ होते, पोस्टर चिकटवायला बरी.

वाळवायला एवढी सपाट जागा कुठली आणायची? तर माडीवर पाहुण्यांच्या खोलीत दुहेरी पलंग आहे. त्यावर स्वच्छ चादर अंथरायची, तिच्यावर तुकडे पसरायचे, वरून दुसरी चादर घालायची, पडदा ओढायचा. तो पलंग काही वर्षांपासून रिकामाच असतो. तो रिकामा का असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

पूर्वी एल्विन काका आणि लोइस काकू त्या पलंगावर झोपायचे. लोइस काकू बुटकीशी, हळू बोलणारी. तिची नक्कल करणं अवघड, कारण ती बोलतेच किती? "असेल," म्हणते. फार झालं तर "असेल बाई." सणाला ती ओहायोहून अक्रोडाचा केक घेऊन यायची. मी लहान असताना एका थँक्सगिव्हिंगला व्हर्ना काकूला त्या केकच्या तुकड्यात केस सापडला. तिने तो दोन बोटांत धरून ओढून काढला, खिडकीच्या उजेडाकडे नेला आणि सगळ्या टेबलादेखत म्हणाली, "लोइस, हा तुझाच असणार. माझे जाळीत असतात. नाही, मी आपलं सांगितलं." मला आठवतं ते एवढंच, की केकला कोणी हात लावला नाही. तो परत ओहायोला गेला.

त्यानंतर लोइस काकू आली की आमच्याकडे उतरते. जेवायला मात्र टेकडीवर येते, नवऱ्याचं घर आहे ते. आणि येताना आणते काय? आंबट लाल क्रॅनबेरी जेलीचा डबा. दुकानातला, सीलबंद. तो ती आधी उघडत नाही. टेबलावर बसल्यावर पर्समधून ओपनर काढते आणि व्हर्ना काकूच्या समोर कर्र कर्र करत गोल फिरवते. जेली डब्याच्या आकारात बशीत पडते, डब्याच्या वळ्यांसकट. "घ्या," म्हणते. हा तिच्या वर्षभराच्या बोलण्यातला सर्वांत मोठा टोमणा, आणि त्यात शब्द एकच.

गेल्या वर्षी ती दोघं रात्रभर गाडी चालवून सणाच्या दिवशी सकाळीच पोचली. लोइस काकू आमच्याकडे माझ्या पलंगावर आडवी झाली. एल्विन काका मात्र भावाला चीजचा गोळा द्यायला टेकडीवर गेले. हार्लन काका गोठ्यात होते. त्यांनी भावाचे डोळे बघितले आणि म्हणाले, "वर जाऊन पड जरा." व्हर्ना काकू तेव्हा मागच्या वाफ्यातून पेंढ्याखाली झाकलेली कोथिंबिरीसारखी पार्सली काढत होती. पावाचं हार्लन काकांना माहीत असायला हवं होतं. पण ते म्हणतात, "घरात वरच्या मजल्यावर काय असतं ते मला विचारू नका, मला फक्त गाईंच्या जागा माहीत आहेत."

मी आईचे केक पोचवायला गेले होते आणि रेंगाळले होते, कारण सणाच्या सकाळी काकूचं बोलणं ऐकायला मिळतं ते वर्षभर पुरतं. ती पातेल्याला लोणी चोळत होती. तेवढ्यात जिन्यावरून एल्विन काका खाली आले.

त्यांचं बोलणं थंडीतल्या ट्रॅक्टरसारखं आहे. सुरू व्हायला वेळ, आणि मध्येच बंद पडतं. "व्हर्ना," ते म्हणाले, "आजीच्या घरची... ती कणसाच्या पानांची गादी... तू ठेवलीयस होय अजून?"

"कुठली गादी?"

"वरची. कुरकुरते ती. मी म्हटलं... किती वर्षांनी. लहानपणी आम्ही तिघं त्याच गादीवर... टोचायची. पण झोप काय लागायची." मग ते कॉफी ओतायला वळले. स्वेटरच्या पाठीला पावाचे तुकडे चिकटले होते आणि एक कानामागे होता.

काकूचा लोण्याचा हात पातेल्यात तसाच राहिला. "एल्विन," ती म्हणाली, "बूट काढले होतेस ना? नाही, मी आपलं विचारलं."

काकांनी पायांकडे बघितलं. "एक काढला," ते म्हणाले. "दुसऱ्याचं... मनात होतं."

ते कॉफी घेऊन आमच्या घराकडे गेल्यावर काकू वर धावली, तिच्यामागे मी. खोलीत एल्विन काकांचा साचाच पडला होता. उशीच्या बाजूला डोक्याचा खळगा, मध्ये वरची चादर गोळा होऊन पाठीचा चुरा, आणि खाली एका पायाशी चादर सरकून तुकड्यांना चिखल लागलेला. हार्लन काका आमच्यामागून आले, बघितलं आणि म्हणाले, "चालतंय."

"काय चालतंय?"

"पेट्रोल पंपावरचं दुकान उघडं असतं. पाव आणतो."

"तो स्पंज? त्याचं सारण करू मी? तुझ्या आईच्या पातेल्यात?"

"मग नुसते बटाटे कर. सांग, यंदा सारण नाही."

"आणि का नाही म्हणून विचारलं तर?"

"तर सांग, एल्विन झोपला."

हे इतकं सोपं होतं. काकूही क्षणभर तसं सांगेल असं वाटलं. मग तिने पाठ सरळ केली, पायाकडचे चिखलाचे तुकडे वेगळे काढून कोंबड्यांसाठी बादलीत टाकले आणि उरलेले चाळणीत घेतले. "ओव्हनमध्ये जाणारच आहे," ती चाळणीशी बोलली.

"जाणारच आहे," हार्लन काका म्हणाले.

"तुला नाही विचारलं." मग माझ्याकडे चष्म्यावरून बघत, "आणि तुझ्या तोंडाला झाकण आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

काकूने एवढ्या गप्पपणे सारण केलेलं मी कधी बघितलं नव्हतं. कांदा आणि सेलरी लोण्यात परतली, त्यात पाव खमंग केला. अंडी दुधात फेटली. गरम पाण्यात भिजवलेलं केशर एरवी ती मोजून घालते, जसं काही दुसऱ्याचं आहे. त्या दिवशी तिने वाटी उपडीच केली. पार्सलीही मूठभर जास्त. शेवटी मिश्रणाचं मीठ चाखायचं असतं. ते दरवर्षी ती बोटावर घेऊन चाखते, कोणाला हात लावू देत नाही. त्या वर्षी तिने चमचा भरून माझ्यासमोर धरला. मी तिच्याकडे बघितलं. तिने चमचा तसाच खाली ठेवला आणि अंदाजानेच मीठ घातलं.

दुपारी सगळे टेबलाशी आलो. आणि व्हर्ना काकू गोड झाली. हे मी कधीच बघितलं नव्हतं, बाबांनी पण नाही. "लोइस, तू इथे बस, खिडकीपाशी, ऊन आहे." "लोइस, प्रवास फार झाला का गं?" लोइस काकूने नेहमीसारखा ओपनर काढला आणि कर्र कर्र सुरू केलं, तर व्हर्ना काकू म्हणाली, "किती सुंदर रंग आहे. कुठल्या दुकानातून आणतेस?"

लोइस काकूचा हात थांबला. टोमणा परत आला की काय म्हणून तिने नीट बघितलं. "सगळ्या दुकानांत मिळते," ती म्हणाली.

"हो का. मी पण आणेन."

बाबांनी टेबलाखालून माझा पाय दाबला, म्हणजे हे लक्षात ठेव, घरी करून दाखव.

आमच्यात जेवणाआधीची प्रार्थना मूक असते. हार्लन काका मान खाली घालतात, सगळे घालतात, आणि त्यांनी घसा साफ केला की संपते. त्यांनी घसा साफ केला. सगळ्यांनी मान वर केली, व्हर्ना काकूची, आमच्या चर्चच्या बायका घालतात ती पांढरी टोपी मात्र खालीच. काकांनी पुन्हा घसा साफ केला. एल्विन काकांना वाटलं सर्दी झालीय, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तेव्हा कुठे काकू वर आली, आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल होता.

सारणाचं पातेलं फिरलं. पिवळंधमक, कडेला तपकिरी. बाबांनी कोपरा घेतला, एल्विन काकांनी दुसरा. काकूने स्वतःला चमचाभर वाढून घेतलं आणि ते ताटात इकडून तिकडे फिरवत राहिली. लोइस काकू एरवी टेकडीवर जेवते ती औषध घेतल्यासारखी, सगळं एकेक घास आणि बस. त्या दिवशी तिने सारण खाल्लं, थांबली, आणि पातेल्याकडे हात केला. "जरा दे गं," आईला म्हणाली. पुन्हा घेतलं. मग तिने आपणहून, कोणी न विचारता, एवढं लांब वाक्य बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "व्हर्ना, यंदा फार सुरेख झालंय. तुझ्यासारखं निगुतीचं काम आमच्याच्याने होत नाही."

व्हर्ना काकूने काटा खाली ठेवला.

"लोइस," ती म्हणाली, "एल्विन त्याच्यावर झोपला होता."

"कशावर?" एल्विन काका म्हणाले.

"सारणावर. पावावर. ती गादी नव्हती, एल्विन. तो वाळत घातलेला पाव होता."

ट्रॅक्टर सुरू व्हायला वेळ लागला. "म्हणजे... ते कुरकुरत होतं ते..."

"पाव."

"मी म्हटलं," काका सावकाश म्हणाले, "गादीला वास... किती छान येतोय." मग त्यांनी आपल्या ताटातल्या कोपऱ्याकडे वाकून बघितलं. "हा डोक्याकडचा का... पायाकडचा?"

बाबांना हसू फुटलं. आईने रुमाल तोंडात घातला, पण खांदे हलत होते. हार्लन काका म्हणाले, "पायाकडचा कोंबड्यांना दिला," आणि त्यावर आम्ही सगळेच हसत सुटलो. लोइस काकूच्याही ओठांचा कोपरा हलला, मी बघितलं. एल्विन काकांनी तो कोपरा उचलून खाल्ला आणि म्हणाले, "माझाच आहे म्हणजे."

फक्त व्हर्ना काकू हसली नाही. आम्ही जितके हसलो तितकी ती आक्रसत गेली. सगळ्यांनी ताटं बाजूला सारली असती, कोणी नाक मुरडलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं असं तिच्याकडे बघून वाटत होतं.

"हसू नका," ती म्हणाली. "हार्लन पाव आणतो म्हणाला होता. मीच नाही म्हटलं. विकतचा पाव टेबलावर ठेवायची मला लाज वाटली, आणि हे ठेवायची नाही वाटली. लोइसने दुसऱ्यांदा घेतलं तरी मी गप्प." मग लोइस काकूकडे वळून, "आणि तुला मी एका केसावरून... त्या दिवशी कोणी हसलं नाही."

"नाही," लोइस काकू म्हणाली. "नाही हसलं कोणी."

"मी हसूच दिलं नाही कोणाला."

लोइस काकूने हातातली सुरी ताटाच्या कडेला नीट सरळ ठेवली. "माझे केस गळत होते तेव्हा," ती म्हणाली.

ती नेहमीसारखीच हळू बोलली, म्हणून बाबांचं हसणं वाक्याच्या मध्यापर्यंत चालू होतं.

"औषधं चालू होती. ती मोठी, हॉस्पिटलातली. उशीवर केस, अंगावर केस. कोणाला बोललो नव्हतो. तो केक मी डोक्याला दोन जाळ्या बांधून केला होता, व्हर्ना. एकीवर एक. एल्विन म्हणाला, सगळे एकत्र आहेत, केक कापला की सांगून टाक. म्हणजे तेव्हा सांगणार होते."

 हार्लन काकांनी भावाकडे बघितलं. "तू पण बोलला नाहीस."

"ती म्हणाली... नको," एल्विन काका म्हणाले. "परतताना गाडीत म्हणाली. नको आता."

व्हर्ना काकू उठली. आम्हाला वाटलं, आता ही ताटं उचलणार आणि नळ सोडून आमच्याकडे पाठ करणार, तिला दुसरं काही येत नाही. पण तिने ताटांना हात लावला नाही. ती टेबलाला वळसा घालून आली. आई लोइस काकूच्या शेजारच्या खुर्चीवरून बाजूला झाली, आणि काकू तिथे बसली.

"आता सांग," ती म्हणाली.

"आता काय सांगू? बरी आहे की मी. डॉक्टर वर्षातून एकदा बोलावतात."

"तरी सांग. पहिल्यापासून."

"राहू दे गं व्हर्ना. सण आहे."

"तेव्हाही सणच होता."

लोइस काकूने एल्विन काकांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मग ती सांगू लागली. आंघोळ करताना हाताला गाठ लागली. हॉस्पिटल शहरात, बर्फ पडलेला, एल्विन काका तिला घेऊन जायचे तेव्हा शेजारचा माणूस गाईंच्या धारा काढायचा. येताना तिला गाडीत उलटी व्हायची म्हणून मांडीवर जॅमचा जुना मोठा डबा असायचा. ती थांबत थांबत सांगत होती आणि व्हर्ना काकू मध्ये मध्ये विचारत होती. गाडी कुठे थांबवायचा? थंडी वाजायची का? दवाखान्यात शेजारी कोण बसायचं? विचारताना ती लोइस काकूच्या तोंडाकडे बघत नव्हती, टेबलावरच्या तिच्या हाताकडे बघत होती.

"स्वयंपाक कोण करायचं?"

"एल्विन."

"एल्विन?"

"अंडी," एल्विन काका म्हणाले. "उकडलेली."

"नुसती अंडी? किती दिवस?"

"एप्रिलपर्यंत. मग कोंबड्या... खुडूक झाल्या. अंडी बंद."

एरवी मी हे ऐकून खुर्चीवरून पडले असते. बाबांनीही माझा पाय दाबला नाही.

"मग?"

"मग फर्न म्हणून शेजारीण आहे," लोइस काकू म्हणाली, "ती सूप आणून द्यायची. चांगलं असायचं."

"शेजारीण," व्हर्ना काकू म्हणाली. तिचं तोंड वाकडं झालं, रडण्याआधी होतं तसं, पण ती रडली नाही. "मी सकाळी निघाले असते तर दुपारी पोचले असते. भांड्यात बांधून घेऊन आले असते सूप. तुझी चादर धुतली असती. मला तेवढं तर येतं."

"माहीत आहे मला. येतं तुला."

"आणि मी इथे बसून काय म्हणत होते, माहीत आहे? लोइस राग धरून बसली म्हणत होते. एवढ्याशा केसावरून राग धरला म्हणत होते. चर्चमध्येसुद्धा बोलले मी हे."

आईने खाली बघितलं. बाबांनीही. कारण ते तिने चर्चमध्ये बोललेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि मी तर घरी येऊन ते तिच्या आवाजात करून दाखवलं होतं.

टर्कीच्या ताटलीत चरबी पांढरी पडायला लागली होती. व्हर्ना काकूला ते दिसलं. तिचा हात ताटलीकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला. "त्या फर्नला मी काहीतरी पाठवते," ती एकदम म्हणाली आणि खुर्चीवरून अर्धवट उठली. "तळघरात मुरवलेले पीच आहेत. बरण्या काढते, जाताना न्या. तिला आवडतात का पीच?"

लोइस काकूने तिच्या मनगटावर हात ठेवला. जोरात नाही, पण काढलाही नाही.

"फर्नचं नंतर बघू," ती म्हणाली. "तू बस, व्हर्ना. माझं सांगून झालेलं नाही अजून."

काकू खाली बसली.